काम मागायला लाजू नये

(रात्रीच्या साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही इथे आला आहात. कुणी भांगलण करून आले, कुणी धारा काढून आले. काहींचे जेवणही अजून व्हायचे आहे. तरी पाटी-पुस्तक घेऊन बसलात. त्याबद्दल आधी तुम्हाला हात जोडतो.

मी जुना मॅट्रिक झालेला माणूस. त्यावर मास्तरकीचे शिक्षण घेतले. १९८२ साली शाळेत लागलो आणि २०१८ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आता पासष्टी झाली. मी काही मोठा विद्वान नव्हे. पण माझ्या घरात घडलेली एक गोष्ट आहे. ती तुम्हाला सांगावी म्हणून आलो.

विषय साधा आहे. माणसाचे वय झाले आणि हातचे काम गेले, तर त्याने काय करावे? कुणाकडे जावे? काम मागताना मान खाली घालावी का?

आमचे थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. मिसरूड फुटायच्या वयात ते मुंबईला गेले आणि साचे खात्यात लागले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. तात्या चार साचे एकटे सांभाळायचे. दर महिन्याला घरी मनिऑर्डर यायची. तेव्हा आमच्याकडे पाटाचे पाणी नव्हते. शेती जिरायत. पाऊस आला तर पीक, नाही तर उपास. त्या मनिऑर्डरीवरच आमचे घर चालले. माझी मॅट्रिकची फी तात्यांनीच भरली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत संपाचे पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. संप लवकर मिटेल असे सगळ्यांना वाटले होते. तो मिटला नाही. वर्ष उलटले. मुंबईत राहून खायचे काय? हजारो कामगार आपापल्या गावी आले. कुणी कोकणात गेले, कुणी साताऱ्याला, कुणी आपल्या कोल्हापूरकडे. तात्याही एक ट्रंक आणि वळकटी घेऊन घरी आले.

तो संप मागे घेतला असे कुणी कधी रीतसर जाहीर केले नाही. तो हळूहळू विरून गेला. गिरण्या थोड्याथोड्या चालू झाल्या. पण सगळ्या माणसांना परत घेतले नाही.

आता इथे नीट ऐका.

१९८३ साल. तात्यांच्या नावाने गिरणीतून एक कागद आला. टपालवाल्याने दिला. तात्यांना वाचता येत नव्हते. अंगठा देऊन कागद घेतला आणि कोनाड्यात ठेवला. टपालवाल्याकडून वाचून का घेतला नाही? शेजाऱ्याला का दाखवला नाही? तात्यांना भीती वाटली. कामावरून काढल्याचा कागद असेल, चार लोकांत अब्रू जाईल, असे त्यांच्या मनाने घेतले. माझी शाळा तेव्हा लांबच्या गावी होती. मी शनिवारी घरी आलो. थोरल्या आईने गुपचूप कागद माझ्या हातात दिला. थोरली आई म्हणजे तात्यांची बायको, माझी चुलती.

मी वाचला. कामावर हजर व्हा, असे त्यात लिहिले होते. अमुक तारखेपर्यंत या, असे होते. ती तारीख होऊन चार दिवस झाले होते.

तात्या त्याच रात्री मुंबईला निघाले. गिरणीच्या दारात गेले. आतून उत्तर आले, "माणसं भरली." तीस वर्षे जवळ आलेली नोकरी एका कागदापायी गेली. त्या गिरणीचे नाव मी घेत नाही. आता घेऊन उपयोगही नाही. वेळेवर गेले असते तर घेतलेच असते, असेही मी छातीठोक सांगत नाही. पण दार उघडे होते तेव्हा तात्या दारात नव्हते, एवढे खरे.

तात्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस. म्हातारे नव्हेत. पण काम मागायला गेले की लोक म्हातारे म्हणायचे. एका ठिकाणी गेले, तिथे विचारले, "शिकला काय?" दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे विचारले, "वय काय?" एका मागवाल्याने डोळ्यांकडे बघितले आणि म्हणाला, "बाबा, रात्रपाळी झेपंल काय तुम्हाला?" ज्या माणसाने तीस वर्षे रात्रपाळी केली, त्याला हा प्रश्न!

नोकऱ्यांची नोंद करणाऱ्या सरकारी कचेरीतही मी त्यांना घेऊन गेलो. नाव लिहिले. कार्ड मिळाले. तात्यांनी ते कार्ड देवघरात ठेवले. रोज हळदकुंकू लागले त्याला! पण बोलावणे काही आले नाही.

का आले नाही? हे मला तेव्हा कळले नाही. मागाहून वाचून कळले. तुम्हाला आजच सांगतो, म्हणजे तुमची फसगत होणार नाही.

ही कचेरी मुळात लढाईतून आली. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. लाखो शिपाई घरी आले. त्यांना काम लावून द्यावे म्हणून सरकारने ही कचेरी काढली. १९४८ साली ती सगळ्यांना खुली झाली. पुढे १९५९ साली कायदा झाला. मोठ्या कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी आपल्याकडची रिकामी जागा या कचेरीला कळवावी, असे त्यात सांगितले. पण कळवावी, एवढेच. तिथल्याच माणसाला घ्यावे, असे बंधन घातले नाही. आणि शेतमजुरीचे काम, तीन महिन्यांच्या आतले काम, हे तर कळवायचीही गरज ठेवली नाही. म्हणजे ज्या कामांवर आपल्यासारखी माणसे जगतात, ती कामे त्या वहीत येतच नव्हती.

शिवाय सरकारी नोकरीला वयाची अट असते. आपल्या राज्यात २०१६ साली ती वाढवली. खुल्या वर्गाला ३८ वर्षे आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे केली. पन्नाशीच्या माणसाने तिकडे डोळे लावून बसणे म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनावर बसणे होय.

मग ती कचेरी वाईट का? नव्हे. विहिरीवर जाऊन दूध मागितले तर विहिरीचा काय दोष? कुठे काय मिळते, ते आधी विचारावे, मग जावे. आम्ही ते विचारले नव्हते.

आता घरातले सांगतो. तात्या ओसरीवर बसून राहू लागले. बोलेनात. जेवताना पानात दुसरी भाकरी घेईनात. "मी कमवत न्हाय, मला एक बास," म्हणायचे. घरातल्या कर्त्या माणसाने असे म्हटले की पोराबाळांच्या घशाखाली घास उतरत नाही. हे तुमच्यापैकी कुणी भोगले असेल तर त्याला सांगायला नको.

एके दिवशी थोरली आई म्हणाली, "मी जातो हमीवर उद्यापासनं."

तात्या भडकले. "मी साचं चालवलेला माणूस. माझी बायको खडी फोडणार?"

थोरली आई शांतपणे म्हणाली, "अवो, पोट काय साचा बघून भरतंय व्हय? काम ते काम."

हमी म्हणजे रोजगार हमी योजना. मंडळी, ही योजना परक्या मुलखातून आलेली नाही. ती आपल्या शेजारी जन्मली. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. तिथले वि. स. पागे. ते राज्याच्या विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या माणसाला गावाजवळच काम द्यायचे, हा प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमारास विसापूर भागात करून बघितला. मग मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ साली योजना राज्यात सुरू केली. त्याच वेळी मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात लाखो माणसे कामावर होती आणि त्या कामावर जगली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

कायद्यात काय होते? खेड्यातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला, अंगमेहनतीचे काम मागितले तर ते मिळायचा हक्क. पंधरा दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर भत्ता द्यायचा. तेव्हा भत्ता रोजचा एक रुपया होता. बाईला आणि गड्याला एकाच दराने मजुरी. कामावर पिण्याचे पाणी, पोरांना सावली. आणि वय? अठराच्या वर असावे, एवढेच. वरची हद्द कायद्यात नव्हती. सत्तेचाळीस असो, सत्तर असो, मागणाऱ्याला नाही म्हणायचे नव्हते.

पण एक गोम होती. काम मागावे लागे. आणि नवे काम काढायचे तर निदान पन्नास माणसांची मागणी लागे. आमच्या गावात तेव्हा काम निघालेले नव्हते. लोक म्हणायचे, "सरकार काम काढंना." सरकारी माणूस म्हणायचा, "गावातून मागणीच नाही." दोघेही बसून राहिलेले!

थोरल्या आईने काय केले? ती घरोघर फिरली. चुलीपुढे बसलेल्या बायकांना उठवले. मला म्हणाली, "मास्तर झालास न्हवं? मग लिही." मी अर्ज लिहिला. तिने अंगठे गोळा केले. त्रेपन्न अंगठे! अर्ज कचेरीत दिला. कारकून म्हणाला, "ठेवा इथं." थोरली आई म्हणाली, "पोच द्या." कारकून वर बघायलाच लागला. अंगठा देणारी बाई पोच मागते! पण पोच दिली. तारीख घालून, शिक्का मारून दिली.

काम निघाले. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव धरला.

पहिल्या दिवशी थोरली आई गेली. आठ दिवस गेली. नवव्या दिवशी तात्या आपणहून उठले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि तिच्या मागून चालू लागले. कुणी काही बोलले नाही. सगळ्यांनी वाट करून दिली.

तरी अडचण आलीच. हमीवर मजुरी मापावर मिळे. जेवढी माती निघेल तेवढे पैसे. माणसांच्या टोळ्या असत. टोळीचे माप एकत्र धरत. तरणी पोरे म्हणू लागली, "तात्या आमच्यात नकोत. माप कमी भरतं." मुकादमही म्हणाला, "म्हातारं माणूस घरी बसवा." ज्या माणसाला कायदा हाकलत नाही, त्याला आपली माणसेच हाकलतात. हे तेव्हाही होते, आताही आहे.

त्या दिवशी तात्या कामावरून मधूनच परत यायला निघाले होते. वाटेत त्यांना ढीग दिसला. बोथट झालेल्या कुदळी आणि टिकाव पडले होते. दांडे निखळले होते. तात्या तिथेच बसले. गिरणीत लोखंडाशी वागलेला हात. दुपारपर्यंत त्यांनी सगळे दांडे ठोकून घट्ट केले, धारा लावल्या. दुसऱ्या दिवशी माती जास्त निघाली. ते माप कारकुनाच्या वहीत आले. मग त्याच पोरांनी मुकादमाला सांगितले, "तात्या आमच्या टोळीत राहू देत. हत्यारं तेवढी बघतील."

मंडळी, इथे शिकायचे एवढेच. वय झाले म्हणून सगळी ताकद जात नाही. पाठीची जाते, हाताची कला राहते. काम मागायला जाताना "मी म्हातारा आहे, काहीतरी द्या" असे म्हणू नये. "मला हे येते" असे म्हणावे. पावट्याच्या शेंगा कशा निवडायच्या, बैल कसा ओळखायचा, भिंत ओळंब्यात आहे का, हे ज्याला येते त्याने ते बोलून दाखवावे. नाही बोलला तर समोरच्याला फक्त पांढरे केस दिसतात.

पहिल्या पगाराची आणखी एक गोष्ट. मास्तर म्हणून माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जाई. तो कर आपल्या राज्यात १९७५ साली लागला. मी कुरकुर करायचो, "आम्हा गरीब मास्तरांचे पैसे कशाला कापता?" मग कळले की तो पैसा रोजगार हमीसाठी आहे, आणि तेवढीच भर सरकार घालते. म्हणजे माझ्या पगारातले दोन रुपये फिरून तात्यांच्या हातात येत होते. ज्यांनी माझी फी भरली, त्यांच्या हातात! त्या दिवसापासून माझी कुरकुर बंद झाली. आणि तुम्हीही ध्यानात ठेवा. हमीचे काम म्हणजे भीक नव्हे. ते सगळ्यांनी मिळून बाजूला ठेवलेले पैसे आहेत, आणि तुम्ही ते घाम गाळून घेता.

तात्या पुढे प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागले. पन्नाशीला आले तेव्हा सही करू लागले. पहिले काय वाचले असेल? पोथी नव्हे, वर्तमानपत्र नव्हे. मस्टर वाचले. मस्टर म्हणजे कामावरची हजेरी. त्यात आपले दिवस किती लागलेत ते मोजले. एकदा थोरल्या आईचे दोन दिवस कमी लागले होते. तात्यांनी बोट ठेवून दाखवले. कारकुनाने मुकाट्याने दुरुस्त केले. त्या दिवशी घरी येऊन तात्या दुसरी भाकरी मागून जेवले.

आता सगळेच गोड झाले असे सांगून तुम्हाला फसवत नाही. गिरणीचा पगार आणि हमीची मजुरी यांत फार अंतर होते. १९८६ साली केंद्र सरकारने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. ज्यांची गिरणी कायमची बंद झाली त्यांना तीन वर्षे मदत मिळायची. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. तेवढ्या काळात त्याने दुसरे काम बघावे, असा हेतू. तात्यांना त्यातले काही मिळाले नाही. कारण त्यांची गिरणी चालू होती. गिरणी चालू आणि तात्या बाहेर! अशा माणसाला त्या योजनेत जागा नव्हती. मी अर्ज घेऊन दोन वेळा फिरलो, मग हा नियम कळला. आधी कुणी सांगितले असते तर एस.टी.चे भाडे वाचले असते.

हे फक्त मुंबईचे आहे असे समजू नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात शाहू मिलचा पाया घातला. तिचा भोंगा वाजला की शहरातली माणसे घड्याळ लावत. ती मिल २००३ साली बंद पडली. ज्यांनी उमेदीची वर्षे तिथे घालवली, त्यांनाही उतारवयात नवे काम शोधावे लागले. गिरणी असो, कारखाना असो, सैन्य असो. शिपाई तर चाळिशीच्या आतबाहेरच पेन्शन घेऊन घरी येतो. आपल्या जिल्ह्यात असे कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकाने आणि त्याच्या विधवेने तिथे नाव जरूर नोंदवावे.

आता आजचे सांगतो. पाटीवर लिहून घ्या म्हणत नाही, पण मनात लिहा.

पहिली गोष्ट, गावातले काम. आपल्या राज्याचे बघून २००५ साली केंद्राने सगळ्या देशासाठी कायदा केला. त्यात घरटी वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. म्हाताऱ्या माणसांना झेपेल असे काम द्यावे, पाणी पाजणे, पोरे सांभाळणे, असे त्याच्या सूचनांत सांगितले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ म्हटले आहेत. कायदे बदलतात, दर बदलतात. म्हणून आज आपल्या गावात काय चालू आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. ग्रामरोजगार सेवकाला विचारा. पण दोन गोष्टी सोडू नका. मागणी लेखी करा. आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही मागितले, याला पुरावा काय?

दुसरी गोष्ट, हातचा धंदा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, टोपल्या विणणारे, अशा अठरा धंद्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने विश्वकर्मा योजना काढली. तिलाही वयाची वरची अट ठेवली नाही. थोड्या दिवसांचे शिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने कर्ज. कर्ज पहिल्यांदा एक लाखापर्यंत. घरातल्या एकालाच मिळते. आपल्या कोल्हापुरी चपलेचे नाव जगात आहे. ती शिवणारा हात बहुधा म्हाताराच असतो. त्या हाताने ही चौकशी करावी. पण कर्ज ते कर्ज. फेडायचे असते. लग्नात खर्च करायला ते नव्हे.

तिसरी गोष्ट, साठीच्या वरची माणसे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने साठीच्या पुढच्या लोकांना पुन्हा काम मिळावे म्हणून नोंदणी सुरू केली. ती मोबाईलवर, संगणकावर होते. तुमच्या नातवाकडून करून घ्या. त्यात फार भरवसा ठेवून बसू नका. तिथे मालकाला लिहिता-वाचता येणारा माणूस हवा असतो, आणि काम बहुधा शहरात असते. पण नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. तसेच ज्येष्ठांना माहिती आणि मदत देणारा एक फोन आहे. नंबर १४५६७. त्यालाही पैसे पडत नाहीत. घरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

चौथी गोष्ट, ठकांपासून सावध राहा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वय छप्पन. एकाने त्यांना सांगितले, "वॉचमनची नोकरी लावतो. ड्रेसचे आणि फॉर्मचे मिळून सात हजार द्या." त्यांनी शेळ्या विकून दिले. ड्रेस आला नाही, नोकरी आली नाही, माणूसही परत दिसला नाही. माझ्याकडे आले तेव्हा हातात एक चिठ्ठी होती. तिच्यावर पैसे मिळाल्याची सही नव्हती, पत्ता नव्हता, तारीखही नव्हती. मी काय करणार? म्हणून सांगतो. सरकारी नोंदणीला असे हजारो रुपये लागत नाहीत. काम लावण्याआधी जो पैसे मागतो, त्याला लांबूनच नमस्कार करा. आणि जो कागद वाचून दाखवत नाही, त्याच्या कागदावर सही करू नका.

कुणी म्हणेल, "मास्तर, म्हातारपणी काम कशाला? देवाचे नाव घ्यावे." ज्याच्या घरी खायला आहे, त्याने जरूर घ्यावे. पण पुष्कळ घरांत म्हाताऱ्याच्या रोजावरच नातवाची वही येते. आणि दुसरेही एक आहे. जपान देशात साठीच्या पुढच्या लोकांसाठी गावोगावी केंद्रे आहेत. १९७० नंतरच्या काळात ती सुरू झाली. झाडे छाटणे, सायकलींची राखण करणे, अशी हलकी आणि थोड्या वेळाची कामे तिथे मिळतात. तिथले म्हातारे नुसते पैशासाठी जात नाहीत. चार माणसांत राहावे, आपला उपयोग आहे असे वाटावे, म्हणूनही जातात. तात्यांचेही तसेच होते. हमीचे काम सुटले तरी गावातल्या लोकांच्या कुदळी त्यांच्याकडे धारेला यायच्या. शेवटपर्यंत यायच्या.

आता मास्तर आहे, म्हणून अभ्यास दिल्याशिवाय सोडणार नाही. फळ्यावर मी एक अर्ज लिहिला आहे. तो आपण मिळून वाचू.

"मा. ग्रामपंचायत अधिकारी यांस.
मी खाली सही करणार. माझे वय ५५ आहे. मला काम पाहिजे. मला अंगमेहनतीचे काम करता येते. हत्यारांना धार लावता येते. मला काम द्यावे. अर्ज मिळाल्याची तारखेची पोच द्यावी.
तारीख. सही."

बघा, किती सोपा आहे! एकही अवघड शब्द नाही. यातले वय बदला, येणारे काम बदला, खाली स्वतःचे नाव घाला. आज घरी जाऊन तीन वेळा लिहा. ज्याला आज कामाची गरज नाही, त्यानेही लिहा. शेजाऱ्याला लागेल.

आणि घरात कुठला कागद कोनाड्यात न वाचता पडला असेल, तर उद्या तो वर्गात घेऊन या. त्यात काय असेल याची लाज बाळगू नका. वाचून झाल्यावर जे असेल ते आपण मिळून बघू. आमच्या घरी एक कागद आठ दिवस तसाच पडून राहिला होता. तुमच्या घरी तसे होऊ नये, एवढ्यासाठीच मी आलो.

बराच वेळ झाला. भाकरी वाट बघत असेल. राम राम.